कनेक्शन वडलांच्या नावावर होतं : सांगलीतल्या एका पोराचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू होते तेव्हा पोलीस आले. जून २०२५ ची सुरुवात, हंगाम संपत आलेला. साध्या कपड्यातली तीन माणसं दुकानात शिरली आणि त्यांनी नाव विचारलं ते पोराचं नाही, बापाचं. बाप म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, यार्डात त्याचं अडत दुकान आहे. त्यांनी पुढं केलेल्या कागदावर इंटरनेट कनेक्शनचा पत्ता म्हणावा असा एक आयपी अ‍ॅड्रेस होता, तारीख, सेकंदासकट वेळ, एक पोर्ट नंबर आणि खाली ब्रॉडबँडच्या गिऱ्हाइकाचं नाव. हे कनेक्शन तुमचंच ना विचारल्यावर हा हो म्हणाला आणि बाजूला होऊन त्यानं मला फोन लावला. "अरे, सातारचे पोलीस आलेत. म्हणतायत मी कुठल्यातरी कॉलेजची वेबसाइट पाडली. मला साधं लाइटबिल ऑनलाइन भरता येत नाही, ते पण पोरगं भरतं." हे शेवटचं बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं बहुतेक, कारण फोनवर तो एकदम गप्प झाला.

मी विजयनगरच्या कोर्टात वकिली करतो, जास्त करून जमिनीचे आणि चेक बाउन्सचे दावे, सायबरचं काम अधूनमधून. हे प्रकरण मी घरच्यांना आणि पोराला विचारून लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, संस्थेचं नाव पण देत नाही. लिहायचं कारण एवढंच की गेल्या वर्षभरात वेबसाइट पाडणाऱ्या असल्याच ऑनलाइन ग्रुपमधल्या पोरांचे आईबाप माझ्याकडं विचारायला आले आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच, "पोरानं काही चोरलं नाही हो, नुसतं बटण दाबलं." त्या बटणाचं कायद्यात काय होतं ते एका प्रकरणातनं नीट बघू.

पोरगं इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतं, विश्रामबागला राहायला, अभ्यासात मधलं, कॉम्प्युटरचं वेड आठवीपासून. २२ एप्रिलला पहलगाम झालं, ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, त्या दिवसांत घराघरात काय वातावरण होतं ते आपल्याला आठवतंय. त्याच्या मिरजेच्या मित्रानं त्याला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव देत नाही, पण प्रोफाइलला वाघ, खाली तिरंगा. अ‍ॅडमिन रोज टार्गेट टाकणार, म्हणजे शेजारच्या देशातल्या वेबसाइट, मेंबरांनी दिलेली स्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइटवर एकसारखी गर्दी करून ती जाम करणारा छोटा प्रोग्राम, आपापल्या मशीनवर चालवायची, वेबसाइट उघडेनाशी झाली की त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, त्याला पॉइंट, पॉइंटावर रँक. पोराची रँक होती 'हवालदार', आणि पुढची रँक मिळवायला त्याला किती पॉइंट कमी होते हे त्याला अजूनही तोंडपाठ आहे.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात मिरजेला एका लग्नात पंगतीला तो माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "काका, आम्ही पण लढतोय, ऑनलाइन." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शाब्बास म्हणलं. काय करता, कुठल्या ग्रुपमधून करता, कुणाच्या सांगण्यावरून करता, एक प्रश्न विचारला नाही. वकील मी, कायद्याचं ज्ञान माझं, आणि तिथं तो मला स्वतःहून सांगत होता. हे मला आजही लागतं.

इथं पहिली गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण ती कुणालाच माहीत नसते. परदेशातली वेबसाइट पाडली तर आपल्याकडं गुन्हा नाही, उलट देशसेवा, असं पोरांना वाटतं. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये कुठंही असं लिहिलेलं नाही की पाडलेला कॉम्प्युटर भारतातलाच पाहिजे. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरचं काम बंद पाडणं, लोकांना तो वापरता येऊ न देणं, त्यातला डेटा उतरवून घेणं, दुसऱ्याला यात मदत करणं, हे सगळं त्या कलमात आहे, आणि देशप्रेमासाठी केलं तर सूट असं एकही वाक्य नाही. आपण बसलोय सांगलीत, मशीन सांगलीत, म्हणजे कायदा लागू. आता बाहेरच्या देशातली वेबसाइट पडली म्हणून तक्रार द्यायला इथं कोण येणार, त्यामुळं गुन्हा दाखल होत नाही ही गोष्ट खरी, पण दाखल न होणं वेगळं आणि गुन्हा नसणं वेगळं. पोरं नेमकी या फटीत अडकतात. पंधरा दिवस काहीच होत नाही, मग त्यांना वाटतं हे चालतंय.

१० मेला शस्त्रसंधी झाली आणि ग्रुपची हवा गेली. मेंबर गप्प बसायला लागले. मग मेच्या शेवटी अ‍ॅडमिननं लिहिलं की आता आतल्या गद्दारांचा नंबर, आणि टार्गेट टाकलं सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं, कारण काय तर तिथल्या कुणा विद्यार्थ्याची एक पोस्ट व्हायरल झाली होती. विद्यार्थ्याची पोस्ट, आणि शिक्षा संस्थेच्या वेबसाइटला. पोराला मी नंतर विचारलं की तुला हे खटकलं नाही का. म्हणाला, "खटकलं काका, पण सगळे लागले होते, मी मागं राहिलो असतो तर गद्दार म्हणले असते." ज्या माणसांची तोंडं त्यानं कधी बघितली नाहीत त्यांची त्याला भीती वाटत होती.

स्क्रिप्ट लिहिली होती मिरजेच्या मित्रानं. आमच्या पोरानं ती रात्री वीसेक मिनिटं चालवली, खरा आयपी लपवणारा फुकटातला व्हीपीएन लावून. मध्येच वेबसाइट खरंच पडली का हे बघायला फोनवरनं घरच्याच वायफायवर ती उघडून बघितली, फोनला व्हीपीएन नव्हता. एकदा नाही, सातआठ वेळा उघडली. मग स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. तो स्क्रीनशॉट मी दोषारोपपत्रात बघितलाय. वर कोपऱ्यात वेळ रात्री ११:४७, बॅटरी १४ टक्के, मध्ये वेबसाइट उघडत नसल्याचा मेसेज, आणि त्याच्याच शेजारच्या पानावर संस्थेच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद, त्यात २३:४७ ला याच घरचा आयपी. आपल्याकडं केबलवाल्याच्या नेटवर एकच आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो, म्हणून पोलिसांना पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, तेवढं मिळालं की गिऱ्हाइकाचं नाव निघतं. व्हीपीएनवाल्यापर्यंत जायची वेळच आली नाही. कुणाचं घर हे लॉगनं सांगितलं आणि कशासाठी बघत होता हे स्क्रीनशॉटनं, आणि तो स्क्रीनशॉट पॉइंटासाठी त्यानं स्वतः दिलेला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एक झिप फाइल आली. तिसऱ्याच कुणीतरी त्याच वेबसाइटमधनं विद्यार्थ्यांची यादी काढली होती, नावं, मोबाइल नंबर, काहींचे आधार. आमच्या पोरानं ती उतरवून घेतली, उघडली, आणि तशीच फोनमध्ये ठेवली. कशाला ठेवली विचारलं तर त्याला उत्तर देता आलं नाही. आयटी कायद्यात 'कॉम्प्युटर रिसोर्स' या शब्दात डेटा पण येतो, आणि चोरीचा आहे हे माहीत असून अप्रामाणिकपणे घेतला किंवा ठेवला तर कलम ६६ बी, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे घरात चोरीचा माल सापडावा तसं. यादीतल्या पोरी याच्याच वयाच्या, आणि त्यांचे नंबर याच्या फोनमध्ये. वहिनींना, म्हणजे पोराच्या आईला, वेबसाइट पाडणं काय असतं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ही यादीची गोष्ट ऐकल्यावर त्या अर्धा तास रडत होत्या.

संस्थेच्या तक्रारीत काय लिहिलंय ते पण सांगतो, कारण ग्रुपवर ही बाजू कधीच येत नाही. त्या आठवड्यात परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं. वेबसाइट दीड दिवस धड चालली नाही, फॉर्मची मुदत वाढवावी लागली, गावाकडनं एसटीनं येऊन नेट कॅफेत रांगेला बसलेली पोरं परत गेली. ज्यांच्यासाठी लढतोय असं हा म्हणत होता त्यांतली निम्मी अशीच शेतकऱ्याची पोरं.

गुन्हा दाखल झाला कलम ४३ सह ६६, ६६ बी, आणि भारतीय न्याय संहितेची ६१ व ३(५), म्हणजे कट आणि समान इराद्यानं केलेलं कृत्य. कलम ६६ ला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कलमात 'अप्रामाणिकपणे किंवा कपटानं' असा शब्द आहे, तो धरून मित्र मला म्हणाला, "पोरानं एक रुपया घेतला नाही, मग अप्रामाणिक कसं?" प्रश्न बरोबर आहे, पण कायद्यात अप्रामाणिकपणा म्हणजे स्वतःला गैरमार्गानं फायदा करून घेणं किंवा दुसऱ्याचं गैरमार्गानं नुकसान करणं, यातलं एक पुरेसं असतं. नुकसान करायचाच इरादा होता हे ग्रुपवरच्या मेसेजमध्ये यानं स्वतः टाइप केलंय, 'आज रडवायचं यांना'. मी वकील म्हणून त्यावर युक्तिवाद करीनच, पण घरच्यांना खोटी आशा दिली नाही.

आणि आता कट. नुसतं बटण दाबलं हे बोलणं इथं संपतं. एकट्यानं वीस मिनिटं स्क्रिप्ट चालवली असती तर कदाचित वेबसाइट हललीही नसती. पण ग्रुपमध्ये टार्गेट ठरलेलं, वेळ ठरलेली, कुणी काय करायचं ठरलेलं, म्हणजे शंभर जणांच्या कामाचं ओझं प्रत्येकाच्या डोक्यावर येऊ शकतं. 'आपण तर छोटे मेंबर' हा आधार पोरांना वाटतो, पण ग्रुपमध्ये असल्यामुळंच छोटं काम मोठं होतं. आयटी कायद्याचं ८४ बी वेगळं, त्यात चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. ८४ सी मध्ये नुसत्या प्रयत्नाला पण शिक्षा, मूळ मुदतीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे वेबसाइट पडली नाही तरी सुटका नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण मी पोराला आणि त्याच्या बापाला समोर बसवून सांगितलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका ट्रक ड्रायव्हरनं हॅकरांचा ग्रुप असलेल्या अ‍ॅनॉनिमसच्या हाकेला ओ देऊन कोक इंडस्ट्रीज (Koch) या कंपनीच्या वेबसाइटवर असलंच एक टूल चालवलं, साधारण एक मिनिट. वेबसाइट पंधराएक मिनिटं बंद पडली, थेट नुकसान पाच हजार डॉलरच्या आतलं. २०१३ मध्ये कोर्टानं त्याला दोन वर्षांचं प्रोबेशन दिलं आणि भरपाई भरायला लावली १ लाख ८३ हजार डॉलर, कारण कंपनीनं सुरक्षेच्या सल्लागारावर केलेला खर्च त्यात धरला. एका मिनिटाचे. आपल्याकडं पण फौजदारी खटल्याशिवाय वेगळा नुकसानभरपाईचा दावा होतो, पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढं चालतात, म्हणजे मुंबईला खेपा. आमच्या संस्थेनं अजून तो केलेला नाही, पण करणार नाही असंही लिहून दिलेलं नाही.

मित्रानं त्या उदाहरणावर काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "त्यो ड्रायव्हर आता काय करतो?" मला माहीत नव्हतं.

आता वयाचं. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात अवघड वाटतं. ज्या रात्री स्क्रिप्ट चालली त्या रात्री आमचं पोरगं १८ वर्षं ५ आठवड्यांचं होतं आणि मिरजेचा मित्र, ज्यानं स्क्रिप्ट लिहिली, तो १७ चा. मित्राचं काम जास्त, डोकं त्याचं, पण तो बाल न्याय कायद्यात गेला. त्याला लॉकअप नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं, नाव कुठं छापायचं नाही, आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा म्हणजे त्या कायद्यात किरकोळ गुन्हा, त्याची चौकशी चार महिने आणि वाढवून आणखी दोन महिने, त्यात संपली नाही तर प्रकरण बंद. पुढं नोकरीला त्याची आडकाठी नाही, कलम २४ तेच सांगतं. हा कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, सतरा वर्षांच्या पोराला असंच वागवलं पाहिजे. पण पाच आठवड्यांच्या फरकानं आमचं पोरगं सरळ मोठ्यांच्या कोर्टात. आणि एक बारीक गोष्ट, एरवी किरकोळ गुन्ह्यात लहान मुलावर एफआयआर होतच नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. मोठ्या माणसाबरोबर मिळून केलं तर मात्र एफआयआर होतो. मिरजेच्या पोरावर एफआयआर झाला तो आमचं पोरगं सज्ञान होतं म्हणून. दोघं एकमेकाला ग्रुपमध्ये भाऊ म्हणायचे आणि एकामुळं दुसऱ्याचं वाढलं.

पोलिसांबद्दल माझी तक्रार नाही, नीट वागले. तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं होता, आयटी कायद्यात तसंच लागतं. बापाला तिथंच दुकानात नोटीस दिली. हातावर हळद होती, सही करताना नोटिशीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा उठला, माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये तो काळा दिसतो. मग सगळे घरी आले, दोन पंच, झडतीचं मोबाइलवर व्हिडिओ शूटिंग, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते बंधनकारक आहे. पोराचा फोन, लॅपटॉप, राउटर, आणि त्याच्या बहिणीचा लॅपटॉप, कारण तो पण त्याच वायफायवर होता. बहीण एमपीएससी करतेय, तिच्या तीन वर्षांच्या नोट्स त्यात. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "सर, त्यातलं काही पुसू नका." तो लॅपटॉप परत मिळायला अर्ज, म्हणणं, तारीख, फॉरेन्सिककडून कॉपी झाल्याचं पत्र, असं करत साडेसात महिने गेले, आणि मध्ये तिची पूर्व परीक्षा होऊन गेली.

पोलीस यार्डात आलेत हे पोराला कळलं कसं तर बापानं माझ्या आधी घरी फोन केला होता. पोलीस घरी पोचेपर्यंत तासभर गेला. त्या तासात पोरानं टेलिग्रामचं अकाउंट डिलीट केलं आणि लॅपटॉपमधनं स्क्रिप्टचं फोल्डर पुसलं. का, तर घाबरून. झालं काय, ग्रुपचे स्क्रीनशॉट तक्रारीसोबत आधीच गेलेले, फोल्डर फॉरेन्सिकनं बाहेर काढलं, आणि वर न्याय संहितेचं कलम २३८ लागलं, पुरावा नाहीसा करणं. आधी मला फोन केला असता तर मी एकच सांगितलं असतं की कशाला हात लावू नको, फोन टेबलावर ठेव आणि गप बस. हे एक कलम पुढं किती महागात पडलं ते खाली येईलच.

त्या रात्री साडेअकराला वहिनी मला विचारत होत्या की अटकपूर्व जामीन टाकायचा का. लागला नाही. तीन वर्षांपर्यंतचे आयटी कायद्यातले गुन्हे जामीनपात्र आहेत, कलम ७७ बी, पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहायची नोटीस दिली, पोरगं बापाबरोबर पहाटेच्या एसटीनं कराडला गाडी बदलून सातारला हजर राहत गेलं, अटक झाली नाही. पण हे सगळं कलम ६६ वर थांबलं म्हणून. कलम ६६ एफ, सायबर दहशतवाद, तिथं जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. देशाची सुरक्षा, अखंडता धोक्यात आणायचा किंवा लोकांत दहशत बसवायचा इरादा आणि अत्यावश्यक सेवा बंद पडणं वगैरे, असं दोन्ही दाखवावं लागतं, त्यामुळं ते सहज टिकत नाही, पण लागू शकतं. त्याच मे महिन्यात गुजरात एटीएसनं नडियादच्या १८ वर्षांच्या पोराला आणि त्याच्याबरोबर एका अल्पवयीन मुलाला पकडलं, भारत सरकारच्या वेबसाइटींवर डीडॉस, म्हणजे असेच गर्दी करून जाम करायचे हल्ले, केले आणि टेलिग्रामवर त्याचे पुरावे टाकले म्हणून, आणि तिथं ६६ एफ लावलं. त्यांची बाजू उलटी होती, भारताच्या विरोधात होती, ते वेगळंच. पण पद्धत बघा, टेलिग्राम, फुकटची टूल, वय, स्क्रीनशॉट, सगळं आमच्या पोरासारखंच. आमच्या अ‍ॅडमिननं त्या रात्री शिक्षणसंस्थेऐवजी एखाद्या वीज कंपनीची किंवा दवाखान्याची लिंक टाकली असती तर? पोरानं मला खरं सांगितलं, लिंक कुणाची आहे हे तो दर वेळी वाचत पण नव्हता, कॉपी पेस्ट करायचा.

अ‍ॅडमिन कोण हे अजून कळलेलं नाही. नंबर परदेशातला, मराठी बरं लिहायचा, कधीकधी चुकीचं. कुणी वय वाढलेला कार्यकर्ता असेल, कुणी दुसऱ्याच देशात बसून इथल्या पोरांकडनं इथल्याच संस्था पाडून घेणारा असेल, काहीही असू शकतं. २०११ मध्ये लल्झसेक नावाच्या गाजलेल्या हॅकर ग्रुपचा म्होरक्या, साबू नावानं वावरणारा, जूनमध्ये एफबीआयच्या हाती लागला आणि त्यानंतर महिनोन्‌महिने तो एफबीआयसाठी काम करत ग्रुपमध्येच बसून होता. त्याच्याबरोबरच्या जेरेमी हॅमंडला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, साबू सात महिन्यांवर सुटला. जो सगळ्यांना 'घाबरू नका' म्हणतो तो कुणाच्या बाजूनं म्हणतो हे मेंबराला कधीच कळत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये युरोपोलनं नोनेम०५७(१६) या रशियाच्या बाजूच्या ग्रुपवर कारवाई केली, शंभरावर सर्व्हर पाडले, आणि हजारावर साध्या समर्थकांना मेसेजिंग अ‍ॅपवरच कळवलं की तुमच्यावर पण कायदेशीर जबाबदारी येते. त्या ग्रुपमध्ये सुद्धा गेमसारखे लीडरबोर्ड होते, बिल्ले होते. हे वाचून पोरगं म्हणालं, "आमच्यासारखंच की."

दोषारोपपत्र डिसेंबरमध्ये दाखल झालं. तिथून खरी झळ सुरू झाली. कॅम्पसमध्ये आलेल्या एका कंपनीनं निवड केली होती, पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये 'तुमच्याविरुद्ध फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का' हा रकाना होता. पासपोर्टचं तसंच, फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो, तो पण ठरावीक मुदतीचा. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात हाच प्रश्न आहे. नातेवाइकांपैकी एकानं सल्ला दिला की नाही लिही, कोण बघतंय. मी कडक शब्दांत नको म्हणलं. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, कोवळ्या वयातला क्षुल्लक गुन्हा असेल तर नोकरी देणारा तो सोडून देऊ शकतो, पण लपवणं हाच मुद्दा धरून नोकरी जाऊ शकते. पोरानं 'होय' लिहिलं. कंपनीनं पुढं काही कळवलं नाही.

एवढी हुशार पोरं आहेत, त्यांना वाट नाही असंही नाही. वेबसाइटमधली चूक सापडली तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येते, कंपन्या आपल्या ठरवून दिलेल्या हद्दीत चूक शोधणाऱ्याला पैसे देतात, सराव करायला सीटीएफच्या, म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या सिस्टिममध्ये शिरून दाखवायच्या, स्पर्धा आहेत, केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. आमच्या पोराला यातलं सीटीएफ सोडून काही माहीत नव्हतं आणि त्याच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

सध्याची स्थिती अशी. संस्थेचे प्राचार्य भले माणूस आहेत, पोरं बघून म्हणाले की आम्हाला यांची आयुष्यं खराब करायची नाहीत, लेखी माफी द्या, आम्ही तडजोडीला तयार आहोत. आयटी कायद्याच्या कलम ७७ ए खाली कलम ६६ आणि ६६ बी ची तडजोड होऊ शकते. पण कटाच्या ६१ ची होत नाही आणि २३८ ची पण होत नाही. म्हणजे कटामुळं आणि त्या एका तासात घाबरून जे पुसलं त्यामुळं खालच्या कोर्टात प्रकरण मिटू शकत नाही, पूर्ण गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतंय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय हे आमचं नशीब, नाहीतर हे पण मुंबईला.

माफीचं पत्र मी पोराला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं, माझ्या ऑफिसात बसून. पहिला कागद त्यानं दिला तो मी वाचून परत दिला, सगळीकडं 'आम्ही' होतं, आम्हाला वाटलं, आमच्याकडून झालं. दुसऱ्यात पण तेच. मी काही बोललो नाही, नुसता त्या शब्दावर पेन्सिलनं गोल केला. तो बराच वेळ बसून राहिला, बाहेर बाप बाकावर बसला होता, मग त्यानं तिसरा कागद घेतला आणि 'मी' लिहिलं. मी स्क्रिप्ट चालवली, मी यादी ठेवली, मी पुसलं. तो कागद अर्जाला जोडलाय. सुनावणी अजून लागलेली नाही.